काहीच न केल्यासारखं

गेली बावीस वर्षं माझे केस काळे आहेत. म्हणजे महिन्यातून दोन रविवारी ते काळे होतात, आणि मधल्या दिवसांत ते काळेच आहेत असं आम्ही घरातले सगळे धरून चालतो. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो. ऐकायला फार वाटत नाही, पण पंधराव्या दिवशी माझ्या भांगात जी पांढरी रेघ उमटते, तेवढा ठळक पट्टा फोंडा-पणजी रस्त्यावरही नसेल. मग जुना गाऊन, जुना टूथब्रश, न्हाणीत पसरलेला पेपर. पाकिटावर लिहिलेलं असतं की 48 तास आधी थोडासा रंग कानामागे लावून बघा. ते मी एकदाही केलेलं नाही. कानामागे तो आपोआप लागतोच, आणि सोमवारी ऑफिसात सगळ्यांना दिसतो.

चवथीच्या महिनाभर आधी पणजीची भाची आली आणि माझ्या डोक्याकडे बघत म्हणाली, "मावशी, हा काळा रंग नव्हे गो. लाइट गेल्यासारखं दिसतंय."

तिच्या म्हणण्याप्रमाणे हल्ली रंगवल्यासारखे केस कोणी रंगवत नाही. पांढरे झाकायचे नाहीत, त्यांच्या शेजारी आणखी काही बटा फिक्या करून त्यांना गर्दीत मिसळायचं. केस वाढले तरी रेघ दिसत नाही. नैसर्गिक वाटतं, आणि मुख्य म्हणजे पुढे सहा महिने काही करावं लागत नाही. "काहीच न केल्यासारखं दिसतं बघ," ती म्हणाली. काहीच न करण्याची मला पहिल्यापासून आवड. मी हो म्हटलं.

शनिवारी पणजीला गेले. पार्लरमधल्या मुलीने विचारलं, आतापर्यंत काय लावायचा? मी पाकिटाचं नाव सांगितलं. पेशंटने परस्पर घेतलेल्या गोळीचं नाव ऐकून डॉक्टर करतो तसं तिने तोंड केलं. मग शांतपणे म्हणाली, "मॅम, रंगावर रंग चढतो. रंगाने रंग उतरत नाही." एवढं तत्त्वज्ञान मी कीर्तनातही ऐकलेलं नाही. अर्थ असा, की बावीस वर्षांचा काळोख आधी ब्लीच लावून उतरवावा लागणार.

या प्रकाराचं नाव बलायाज. शब्द फ्रेंच, आणि अर्थ झाडू मारणे. ब्रशने केसांवरून झाडल्यासारखे फटकारे मारतात म्हणून. 1510 साली आलेले पोर्तुगीज 1961 साली गेले, त्या अवधीत आमच्या घराण्यात कुणाच्या केसाला धक्का लागला नव्हता. फ्रेंचांनी ते काम एका शनिवारी केलं.

ती एकेक बट घेई, लेप लावी, आणि चंदेरी कागदात दुमडून ठेवी. अगदी हळदीच्या पानात पातोळ्या दुमडाव्यात तशी. तासाभरात माझ्या डोक्यावर साठेक पातोळ्या होत्या आणि आरशात जी बाई दिसत होती तिला थेट चवथीला गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात ती माटोळी म्हणून टांगता आलं असतं. उघडून बघितलं तर पहिला रंग निघाला चिऱ्याचा. खाणीतून नुकत्याच काढलेल्या तांबड्या चिऱ्याचा. मी घाबरले. "काळ्याच्या खाली हाच असतो, मॅम," ती म्हणाली. दुसऱ्या खेपेला पिकलेली पपई. तिसऱ्या खेपेला पपईचं साल. मग त्यावर पिवळेपणा मारायला टोनर. साडेपाच तास आणि 9,000 रुपये झाल्यावर तिने खुर्ची फिरवली आणि अभिमानाने म्हणाली, "बघा, काही केलंय असं वाटतंय?"

नव्हतं वाटत.

निघताना तिने सूचना दिल्या. टोनर चार-सहा आठवड्यांत उतरतो, तो पुन्हा करून घ्या. गरम पाण्याने न्हाऊ नका. ऊन टाळा. समुद्राचं पाणी टाळा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी लोखंडाचं असेल तर तेही टाळा, केस तांबूस होतात. गोव्यात राहून या यादीतलं काय टाळायचं ते मला कळेना. वर एक जांभळ्या शाम्पूची बाटली, 1,200 रुपये. पिवळ्याचा शत्रू जांभळा म्हणे. आठवड्यातून एकदा, थोडासाच, दोन मिनिटं.

घरी आले तर नवरा दार उघडून म्हणाला, "काय, गर्दी होती? नंबर लागला नाही?"

चवथीला गावच्या घरी गेलो. जाऊबाईंनी दारातच हात धरला आणि आवाज खाली आणून विचारलं, "बरी आहेस ना गो? रंग लावायलासुद्धा वेळ मिळाला नाही?" आत नेवऱ्या तळणाऱ्या सगळ्यांनी आळीपाळीने माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. एकीने अबोलीची फाती आणून दिली. "ही माळ, तेवढंच झाकेल." 9,000 रुपये मी फुलांखाली झाकले.

सासूबाई तेवढ्यात न्हाऊन आल्या. वय 84, डोकं कापसासारखं पांढरं, आयुष्यात खोबरेल तेलापलीकडे काही लावलेलं नाही. त्या दिवशी त्यांच्या साबणाची वडी संपली होती म्हणून न्हाणीत दिसली ती बाटली त्यांनी घेतली. फेस कमी आला म्हणून दोनदा लावला, आणि अथर्वशीर्ष पुरं होईपर्यंत डोक्यावर तसाच ठेवला. त्या ओसरीवर येऊन बसल्या तेव्हा त्यांचे केस कोनफळाच्या कापासारखे फिके जांभळे होते.

नेवऱ्या तेलात राहिल्या. भाची फोन घेऊन धावली. मुंबईहून आलेल्या दोन नाती आजीच्या मागे उभ्या राहून फोटो काढू लागल्या. शेजारची एक मुलगी तर पार्लरचा पत्ता विचारायला दोनदा येऊन गेली.

"कसलं पार्लर गो?" आई म्हणाल्या. "न्हाणीत बाटली होती."

रात्री पानं वाढून झाली, आरत्या झाल्या, सगळे पांगले. आईंनी मला खुणेने जवळ बोलावलं. हातात दुमडलेल्या दोन नोटा होत्या.

"माझी वेगळी आण हं एक. तुला काही ती लागू पडलेली दिसत नाही."