मोजे कुठल्या खणात?

बंड्याने टपरीवर बसता बसता तोच लेख पुन्हा काढला. "परावलंबी व्यक्तिमत्त्व विकार. बायकांमध्येच जास्त! मी म्हणतच होतो. एक साडी घ्यायची तर चौघींना विचारतात."

सीमाने कटिंगचा ग्लास खाली ठेवला. "तुझे मोजे कुठल्या खणात असतात रे?"

बंड्या गप्प. पक्या फिदीफिदी हसायला लागला.

सीमा समुपदेशनाचं काम करते, उगाच बोलत नाही. "डीएसएम म्हणजे अमेरिकेतली मानसिक आजारांची यादी. तिची तिसरी आवृत्ती आली १९८० साली. १९८३ मध्ये मार्सी कॅप्लान या मानसशास्त्रज्ञ बाईने तिकडे अमेरिकेत हेच विचारलं. सगळे निर्णय नवऱ्यावर सोडणारी बाई आजारी. मग जेवण, कपडे, पोरं बायकोवर सोडणारा बाप्या कोण?"

"अगं, पण आकडे..."

"कशाचे आकडे? सरळ प्रश्नावली दिली की बायका लिहितात, हो, मला आधार लागतो. बाप्ये लिहीत नाहीत. रॉबर्ट बॉर्नस्टाइन या मानसशास्त्रज्ञाने सरळ विचारणाऱ्या आणि आडून विचारणाऱ्या, दोन्ही तऱ्हेच्या चाचण्या ताडून पाहिल्या. शाईचे डाग दाखवून काय दिसतं विचारलं, तर बायका पुढे नाहीत. आणि आपल्याकडचं २०१९ चं वेळ-वापर सर्वेक्षण घे. घरकामात बाईची दिवसाला २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. तीसुद्धा जे हात लावतात त्यांचीच!"

"पुरुषाला आधार लागत नाही," बंड्याने छाती काढली. "तो निसर्गच आहे."

इतका वेळ गप्प असलेले अण्णा म्हणाले, "ही गेली तेव्हा कुकरमध्ये पाणी किती घालायचं ते मला माहीत नव्हतं. पासबुक शोधायला आठ दिवस लागले. महिनाभर मी नुसता बसून होतो. लोक म्हणायचे, दुःखात आहेत."

कुणी काही बोललं नाही. सीमाने त्यांच्याकडे बिस्किटं सरकवली. "तेच म्हणते, अण्णा. तुम्हाला मदत हवी होती हे कुणाला दिसलंच नाही."

मला हे सगळ्यात जास्त लागलं. यादी बाईला आजारी ठरवते ते आहेच, पण खरोखर कोसळलेला पुरुष तिच्यातून निसटतो, त्याचं काय?

बंड्याला मात्र राहवेना. "तू आधी वर्गणीचा हिशोब दे, तीन वर्षं झाली!"

"देते. अलिबागला आईला फोन करून 'सुरमई खाऊ का' कुणी विचारलेलं, ते आधी सांग."

"पोट बिघडलं होतं माझं!"

"आणि आई काय म्हणाली?" पक्याने विचारलं.

"...पापलेट खा म्हणाली."

अण्णासुद्धा हसले. बऱ्याच दिवसांनी.