मान्सून म्हणजे पाऊस नव्हे!

डिसेंबरात कळंगुटच्या वाळूत उन्हं खात पडलेल्या पाहुण्याला सांगून बघा, "बाबा, तू मान्सूनमध्येच आलायस." तो वेड्यात काढेल. चारशे वर्षांपूर्वीच्या खलाशाला मात्र यात काहीच चूक दिसली नसती.

इंग्रजांनी हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडून उचलला, आणि पोर्तुगिजांनी अरबांच्या ‘मौसिम’वरून. मौसिम म्हणजे ठरलेला काळ. हजचा मौसिम, तसाच गलबतं हाकारण्याचा. त्यात पावसाचा थेंबही नाही! आपला ‘मोसम’ याच घराण्यातला.

या शब्दाचं वजन कळायला गोव्याइतकी चांगली जागा नाही. लिस्बनहून जहाजं मार्च-एप्रिलात सुटायची, आफ्रिकेला वळसा घालून नैऋत्येच्या वाऱ्यावर सप्टेंबरच्या आसपास इथे लागायची. परत जायचं तर डिसेंबर-जानेवारीत, ईशान्येच्या वाऱ्यावर. दोन्ही मान्सूनच. वारा चुकला की वर्ष बुडालं. राजाला काही विचारलं तर उत्तर यायला दीड वर्षही लागायचं. लिस्बनशी झालेल्या या पत्रव्यवहाराची बाडं पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत आणि त्यांचं नावच ‘मोंसोंइश’, म्हणजे मान्सून. कागदपत्रांना वाऱ्याचं नाव!

पुढे इंग्रजीत त्याचा पाऊस झाला. त्यांचं ते बघतील. पण शाळेत ‘मोसमी वारे’ घोकलेले आपणही ‘काल काय मान्सून कोसळला’ म्हणतो, हे मला खटकतं. कोसळतो तो पाऊस. (हॉटेलांच्या ‘मान्सून ऑफर’बद्दल बोलायलाच नको.) तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो तोही मान्सूनचाच पाऊस, फक्त ईशान्येचा, तेव्हा आपल्याकडे लख्ख ऊन असतं.

जुना अर्थ गोव्यात टिकलाय तो दर्यावर. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद, आणि त्याआधी घरोघरी पुरुमेंत: खारं सुकं, सोलां, मिरच्या, मीठ. हाही पोर्तुगीज शब्दच, अर्थ बेगमी.

मान्सून आला असं जाहीर करताना हवामान खातंही नुसता पाऊस मोजत नाही. केरळ आणि आसपासच्या 14 केंद्रांपैकी किमान 60 टक्के ठिकाणी लागोपाठ दोन दिवस अडीच मिलिमीटर पाऊस हवाच, पण शिवाय पश्चिमी वारे किती उंचीपर्यंत आणि किती जोराने वाहतायत तेही तपासतात. ते जमलं नाही तर कितीही धो धो पडो, तो आपला वळीवच.