नादकाटा म्हणजे दीर्घिकेचा जीवनक्रम नव्हे

"दीर्घिका जन्मते तेव्हा गोल असते, फिरता फिरता चपटी होते आणि शेवटी तिला सर्पिल बाहू फुटतात. हबलनं हे सिद्ध केलंय." दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह; त्यांचे प्रकार नादकाट्यासारख्या (ट्यूनिंग फोर्क), मूठ आणि दोन फाटे असलेल्या आकृतीत मांडतात. त्या आकृतीसह हा मजकूर सगळीकडे फिरतोय. शाळेतली मुलं तो खरा मानून वहीत उतरवतात, म्हणून त्यातलं एकेक विधान तपासायलाच हवं.

"हबलनं सिद्ध केलंय." नाही. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलनं 1926 मध्ये दीर्घिकांची वर्गवारी केली ती छायाचित्रांत दिसणाऱ्या आकारांवरून. नादकाट्याची आकृती 1936 मधली. मुठीच्या जागी लंबगोल दीर्घिका, एका फाट्यावर साध्या सर्पिल, दुसऱ्यावर मधोमध ताऱ्यांचा दांडा असलेल्या सर्पिल. आपली आकाशगंगा या दुसऱ्या फाट्यातली. ही वर्गवारी निव्वळ निरीक्षणांची आहे, उत्क्रांतीच्या सिद्धान्ताची नाही, असं हबलनंच लिहून ठेवलंय. तरी घोटाळ्याला त्याचेच शब्द कारण झाले: आकृतीत डावीकडच्या, म्हणजे मुठीकडच्या दीर्घिकांना तो 'आधीच्या' म्हणाला, उजवीकडच्यांना 'नंतरच्या'. लोकांनी त्यातून वय वाचलं.

"गोल असते, मग चपटी होते." इथे मोठी गफलत आहे. लंबगोल दीर्घिकांना ई-0 (गोल) ते ई-7 (सर्वांत चपटी) असे क्रमांक असतात. लांब अक्ष 10 आणि आखूड अक्ष 6 दिसला, तर ती ई-4. पण हा आपल्याला दिसणारा आकार. भाकरी वरून पाहिली तर गोल, कडेनं पाहिली तर पट्टी! इथून ई-0 दिसणारी दीर्घिका दुसरीकडून ई-4 दिसू शकते. मग क्रमांकाला वय कसं म्हणणार? शिवाय 1970च्या दशकात वेग मोजल्यावर कळलं, की बऱ्याच मोठ्या लंबगोल दीर्घिका फारच सावकाश फिरतात. तेवढ्या फिरण्यानं त्यांचा चपटेपणा येत नाही. त्यांतले तारे वेगवेगळ्या दिशांच्या कक्षांत फिरतात, त्यातून तो आकार येतो.

"शेवटी बाहू फुटतात." ताऱ्यांची साक्ष उलटी आहे. कन्या राशीतल्या एम-87 सारख्या लंबगोल दीर्घिकेत बहुतेक तारे जुने, तांबूस. नवे तारे घडवायला लागणारा थंड वायू अगदी थोडा. सर्पिल दीर्घिकांच्या बाहूंत मात्र तो भरपूर, आणि तिथे आजही तारे जन्मतात. वायू संपवून बसलेल्या दीर्घिकेला आपोआप बाहू कुठून फुटणार?

म्हणून हा क्रम नुसता उलटा केला, सर्पिल आधी आणि लंबगोल नंतर, की झालं, असंही नाही. अलार आणि युरी टूम्रे या भावांनी 1972 मध्ये संगणकावर दाखवलं, की दोन दीर्घिका जवळून गेल्या तर गुरुत्वाकर्षणानं त्यांना लांब शेपट्या फुटतात. सर्पिल दीर्घिकांच्या चपट्या तबकड्या एकमेकींत मिसळून लंबगोल दीर्घिका घडते, ही कल्पना त्यातूनच पुढे आली. पण प्रत्येक सर्पिल दीर्घिकेच्या नशिबी अशी टक्कर नसते.

अशी एक टक्कर आजही चालू आहे. हस्त नक्षत्राच्या तारकासमूहात दोन सर्पिल दीर्घिका एकमेकींत घुसल्यात, त्यांच्या शेपट्या कीटकाच्या मिशांसारख्या दूरवर पसरल्यात, आणि त्या धुमश्चक्रीत नव्या ताऱ्यांचे गुच्छ जन्म घेताहेत.