तुलना हवी, पण मॅमोग्राफीऐवजी नको
एका लेखात वाचलं, थर्मोग्राफीचा, म्हणजे कॅमेऱ्यानं त्वचेची उष्णता टिपणाऱ्या तपासणीचा, पहिला स्कॅन जपून ठेवायचा आणि पुढचे त्याच्याशी ताडून बघायचे. पटलं. आमचे आप्पा सोलापुरात यंत्रमागावर उभे असायचे, त्यात मधुमेह. तळपायाला फोड आलेला कळलाच नाही. सकाळी चादरीवर डाग दिसला तेव्हा समजलं. दोन्ही पायांच्या एकाच जागेच्या तापमानात २.२ अंश सेल्सिअसहून जास्त फरक टिकून राहिला, तर तो जखमेआधीचा इशारा मानतात. तिथं वारंवार मोजणं खरंच कामाचं. फक्त मे महिन्यात उन्हातून येऊन लगेच स्कॅनला उभं राहू नका, गार खोलीत पंधरा मिनिटं तरी बसा.

पण बायांनो, स्तनांच्या तपासणीत हा स्कॅन मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेची, जागा घेत नाही. अमेरिकेत औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं १९८२ साली तो फक्त जोडीला म्हणून मान्य केला. गाठ हाताला लागली तर पुढच्या स्कॅनची वाट बघू नका, डॉक्टरकडे जा.