उपाय नाही, मग चाचणी कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

पार्किन्सन्सच्या, म्हणजे कंपवाताच्या, नव्या चाचणीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "आमच्या हिच्या कंपवाताला नऊ वर्षं झाली. गोळ्या त्याच. उपाय सापडत नाही तोवर चाचण्यांचं कौतुक कशाला? त्यापेक्षा रानातली खाजकुयली बरी." दोन दिवस ते डोक्यातून गेलं नाही.

आधी माझी चूक. 'आता एका चाचणीत निदान' हे शीर्षक वाचून कुणालाही वाटेल, सकाळी रक्त दिलं की संध्याकाळी रिपोर्ट हातात. प्रत्यक्षात ती चाचणी पाठीत सुई घालून काढलेल्या पाण्यावर होते. अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचे गुंते होऊ लागलेत की नाही एवढंच ती सांगते, किती झालेत ते नाही. शीर्षक आज बदललं आहे.

बाकी तुमचं म्हणणं मात्र मला पटत नाही. औषध सापडत नाही त्याचं एक मोठं कारण म्हणजे मोजायला काही हातात नाही. या प्रथिनाचा आजाराशी संबंध १९९७ मध्येच उघड झाला. त्याला धरणारी दोन औषधं, प्रासिनेझुमॅब आणि सिनपॅनेमॅब, रुग्णांवर तपासली गेली. २०२२ मध्ये दोन्हींचे निकाल निराशाजनक आले. औषधच निकामी होतं की द्यायला उशीर झाला होता? कोण सांगणार! हात थरथरू लागतो तोवर मेंदूतल्या डोपामीन (हालचाली सुरळीत ठेवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो.

मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराचं बघा. तिथे मेंदूतले डाग एमआरआयवर दिसतात, मोजता येतात. १९९३ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉन बीटा या त्यावरच्या औषधाला मान्यता मिळाली, त्यात या मोजलेल्या डागांचा वाटा मोठा होता. आज त्या आजारावर वीसच्या आसपास औषधं आहेत. आजार मुळापासून जात नाही, हळूहळू वाढत जाणारा प्रकार तर अजूनही फारसा बधत नाही. पण पुन्हापुन्हा येणारे झटके खूप कमी करता येतात. पार्किन्सन्सला असा डाग आजवर मिळालाच नव्हता.

आणि आमच्या दादांची गोष्ट सांगतो. त्यांच्या हाताला कंप आला त्याच्या चारेक वर्षं आधी, एप्रिलमध्ये, मागच्या भाटात (बागेत) फेणीसाठी काजूची बोंडं मळणं चाललं होतं. आंबूस गोड वास अख्ख्या वाड्यावर. दादा भट्टीच्या चार पावलांवर उभे राहून विचारत होते, "औंदा अजून सुरू नाही केलं?" त्यांना वासच येत नव्हता. सर्दी असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. पण या आजारात वास कंपाच्या आधीच जाऊ शकतो. २०२३ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात ११२३ जणांवरचा या चाचणीचा अभ्यास आला. वास गेलेल्या, नेहमीच्या प्रकारच्या पार्किन्सन्स रुग्णांपैकी ९८.६ टक्क्यांमध्ये ती होकारार्थी निघाली. एलआरआरके२ या जनुकात बदल असलेल्या रुग्णांमध्ये मात्र ६७.५ टक्केच. नुसता वास गेलेल्या, कंपाचा पत्ता नसलेल्या कित्येकांतही गुंते सापडले. म्हणजे भट्टीपाशी उभ्या असलेल्या दादांसारख्या माणसावर औषध वेळेत तपासून बघता येईल. दादांना त्याचा उपयोग नाही. तरी मी तो अभ्यास तीनदा वाचला.

काकींना ही चाचणी करायला नेऊ नका. निदान झालेलं आहे, गोळ्या लागू पडताहेत, चाचणीने त्यात काही बदलणार नाही.

खाजकुयलीचं तुमचं खरं आहे, तिच्या बियांत लेव्होडोपाच असतो, म्हणजे गोळीतलंच द्रव्य. पण कुठल्या बीत किती, ते चमच्याने कळत नाही. गोळीत त्याच्या जोडीला कार्बिडोपा असतो, त्यामुळे औषध वाटेत न संपता मेंदूपर्यंत जातं; चूर्णात ते नाही. काकी गोळीबरोबर चूर्णही घेत असतील तर उभं राहताना रक्तदाब उतरू शकतो, हातपाय आपोआप वळवळू शकतात. पुढच्या खेपेला बांबोळीच्या इस्पितळात जाल तेव्हा चूर्णाची डबी पिशवीत टाका आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.