घरफोडी कमी करता येते, भीतीही. पण दोन्हींचे उपाय वेगळे

सोसायटीत एक घर फुटलं की पुढच्या रविवारी सभा होते आणि तीन ठराव होतात: कॅमेरे वाढवा, कुंपणाच्या भिंतीवर तार लावा, पोलिसांना गस्त वाढवण्याचं निवेदन द्या. लाखभर रुपये जातात. पण चोरी नेमकी कशी झाली हे कोणी नीट तपासलेलं नसतं, त्यामुळे पुढची चोरी त्याच वाटेने होते. भीतीही तशीच राहते, कारण तार बघून कोणालाच निवांत झोप लागत नाही.

गुन्हा आणि गुन्ह्याची भीती एकत्र वाढतात आणि एकत्रच कमी होतात, असं आपण धरून चालतो. ते तसं नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये १९७२-७३ साली काही भागांत पोलिसांच्या गाड्यांची गस्त दुप्पट-तिप्पट केली, काही भागांत पूर्ण बंद केली, काही ठिकाणी होती तशी ठेवली. ना गुन्ह्यांत फरक पडला, ना भीतीत. लोकांना बदल जाणवलासुद्धा नाही. पुढे अमेरिकेतल्याच नेवार्क शहरात पायी गस्त घालून पाहिली. गुन्हे जवळपास तेवढेच राहिले, पण लोकांची भीती कमी झाली आणि पोलिसांबद्दलचं मत सुधारलं. पायी चालणारा पोलीस दुकानदाराशी बोलतो, त्याचं नाव लोकांना कळतं. दिवा फिरवत निघून जाणाऱ्या गाडीशी कोण बोलणार?

मग गुन्हा कशाने कमी होतो? जागा आणि वेळ नेमकी धरल्याने. अमेरिकेतल्याच मिनिआपोलिसमध्ये शहरातल्या जेमतेम ३ टक्के पत्त्यांवरून पोलिसांना येणारे निम्मे कॉल येत होते. अशा ठिकाणी पोलिसाने दिवसभर उभं राहायची गरज नसते. १० ते १५ मिनिटं थांबायचं, निघायचं, पुन्हा अवेळी यायचं. याहून जास्त थांबल्याने फायदा वाढत नाही, असं तिथल्याच निरीक्षणांतून दिसलं. त्यामुळे निवेदनात ‘गस्त वाढवा’ एवढंच लिहू नका. ‘मागच्या गल्लीत, दुपारी १२ ते ४, आठवड्यातून चार वेळा, पायी’ असं लिहा.

घरफोडीत एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. फुटलेल्या घराला आणि त्याच्या शेजारच्या घरांना पुढचे साधारण दोन आठवडे धोका जास्त असतो. चोराला जिना, कुलपाची जात आणि माणसांच्या वेळा कळलेल्या असतात. इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८६ पासून नेमकं हेच धरून काम झालं. फुटलेल्या घराची कुलपं लगेच बदलली, आजूबाजूच्या पाच-सहा घरांनी त्या घरावर लक्ष ठेवायचं ठरवलं, आणि घरातली नाणी टाकून चालणारी मीटर काढून टाकली, कारण चोर त्यातल्या रोकडीसाठीच येत होते. तीन वर्षांत घरफोड्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्या. आपल्याकडे चोरीनंतरच्या पहिल्या २४ तासांत शेजारच्या, वरच्या आणि खालच्या घरांना भेटून दारं तपासायला एक रुपयाही लागत नाही.

आता दाराबद्दल. बाहेरच्या कडी-कोयंड्याला लटकलेलं कुलूप घरात कोणी नाही हे जिन्यावरूनच सांगतं. शिवाय कोयंडा बहुतेक ठिकाणी पाऊण इंची स्क्रूंवर बसवलेला असतो. कटावणीच्या एका हिसक्यात तो उचकटतो आणि महागडं कुलूप शाबूत राहतं. म्हणून आधी दाराच्या आत बसणारं मॉर्टिस कुलूप घ्या, आणि चौकटीतली त्याची पट्टी तीन इंची स्क्रूंनी पक्की करा. सेफ्टी डोअर आणि चौकट यांच्यातली फट लोखंडी अँगलने झाका, म्हणजे कटावणीला जागाच मिळत नाही. बाथरूमच्या खिडकीतल्या काचेच्या पट्ट्या बाहेरून सरकवून काढता येतात, तिथे आतून जाळी हवी. गच्चीचं दार रात्री बंद असतं का, हे स्वतः जाऊन बघा. आणि दिवाळीत किंवा मे महिन्यात गावाला जाताना दूध आणि पेपर बंद करा; दाराशी साचलेले पेपर कुलपाइतकेच बोलतात.

कॅमेरे लावायला हरकत नाही, पण बहुतेक ठिकाणी ते फक्त टोपी आणि हेल्मेट टिपतात. चेहरा ओळखायचा तर चित्रात दर मीटर रुंदीला सुमारे २५० पिक्सेल लागतात. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं, म्हणजे त्याने साडेसात मीटरपेक्षा जास्त रुंदी टिपली की ओळख पटण्याची खात्री गेली. सगळं आवार एकाच कॅमेऱ्यात घेण्याचा हट्ट तिथेच फसतो. फाटकावर एक कॅमेरा सात-आठ फूट उंचीवर फक्त चेहऱ्यांसाठी ठेवा. चौदा फुटांवरून डोकी दिसतात. चार कॅमेऱ्यांचं सलग रेकॉर्डिंग १ टीबीच्या डिस्कवर साधारण १०-१२ दिवस टिकतं. सुट्टीहून परतल्यावर चोरी लक्षात येते तेव्हा बरेचदा चित्रण पुसलेलं असतं, म्हणून ४ टीबीची डिस्क घ्या. डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, रखवालदाराच्या टेबलावर ठेवू नका, तो कुलूपबंद ठेवा. त्याचं घड्याळ महिन्यातून एकदा जुळवा. वेळ चुकीची असेल तर तपासात आणि पुढे कोर्टातही अडचण होते.

रस्त्यावरच्या दिव्यांचं काम सोपं आहे आणि ते गुन्हा व भीती दोन्हींवर लागू पडतं. फक्त एकाच जागी प्रखर फोकस लावला तर पलीकडची सावली आणखी गडद होते. मध्यम प्रकाश सगळीकडे सारखा हवा. दिव्याखालच्या फांद्या छाटण्यासाठी अर्ज करा, आणि तक्रारीत खांबाचा क्रमांक लिहा, नाहीतर ती फिरत राहते.

भीती वाढवण्यात आपल्या मोबाईलचा वाटा मोठा आहे, आणि इथे मला खरंच काळजी वाटते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. निमित्त होतं मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेचं. १६ एप्रिल २०२० ला पालघरमधल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेपायी जमावाच्या हातून मारले गेले. ज्या गुन्ह्याची भीती होती तो घडलाच नव्हता. जे खून झाले ते भीतीतून झाले. म्हणून ग्रुपवर लिहायचंच असेल तर तारीख, अंदाजे वेळ, चोर कुठून शिरला आणि इतरांनी काय तपासायचं, एवढंच लिहा. अनोळखी माणसाचा फोटो, त्याची जात, वस्ती किंवा भाषा लिहू नका. संशय असेल तर ११२ ला फोन करा.

चोरी छोटी असली तरी तक्रार द्या. नोंदच नसेल तर ती गल्ली पोलिसांच्या नकाशावर येणारच नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत कळवणंही पोलिसांवर बंधनकारक आहे, ते विचारा. नोंदी नीट होऊ लागल्या की पहिल्या वर्षी आकडे वाढतात, त्यावरून ‘गुन्हेगारी वाढली’ असा बोभाटा करू नका. आकडे वाढतील या धाकाने नोंद टाळणाऱ्या ठाण्याला त्यातून निमित्तच मिळतं.

हे सगळं जोडणारा दुवा म्हणजे बीट अंमलदार, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतला आपला भाग (बीट) ज्याच्याकडे सोपवलेला असतो तो पोलीस. पोलीस आणि लोक नियमित भेटले की काय होतं, ते भिवंडीत दिसलं. तिथे १९७० आणि १९८४ साली भीषण हिंदू-मुस्लिम दंगली झाल्या होत्या. नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या बांधल्या, दोन्ही समाजांचे लोक आणि पोलीस नियमित एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२-जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. घरफोडीसाठीही अशीच बैठक हवी: महिन्यातून एकदा, अर्धा तास, १०-१५ माणसं, त्यात रखवालदार, घरकामाच्या ताई, इस्त्रीवाला आणि पेपर टाकणारा मुलगा यांनाही बोलवा, कारण दुपारी आवारात तेच असतात. बीटमध्ये तीन महिन्यांत कुठे, कोणत्या वेळी, कशा पद्धतीने चोऱ्या झाल्या एवढंच विचारा आणि लिहून घ्या. अंमलदाराची बदली झाली की नव्याला पहिल्याच आठवड्यात बोलावून ती वही त्याच्या हातात द्या.