सोने आत, रबर बाहेर

कागद, रबर, प्लास्टिक यांचे दागिने ही अलीकडची टूम आहे, हे दागिन्यांवरील एका लेखात वाचलेले विधान पटण्याजोगे नाही. फ्रेंच दागिने-कलाकार रने लालिक यांनी १९००च्या सुमारासच शिंग आणि काच यांना हिऱ्यांच्या पंगतीला बसवले होते. स्विस दागिने-कलाकार ओटो क्युन्झ्ली यांचे १९८० सालचे कडे तर काळ्या रबरी नळीचे आहे. तिच्या आत सोन्याची गोळी आहे, पण डोळ्यांना दिसतो तो केवळ नळीला आलेला फुगवटा, त्यामुळे घालणाऱ्याने सोने आहे यावर निव्वळ विश्वास ठेवायचा. (सोन्याची हौस करणाऱ्यांना हा चिमटा चांगलाच झोंबावा.) मात्र रबर कालांतराने कडक होऊन तडकते आणि काही प्लास्टिके पिवळी पडतात, याविषयी लेखात अवाक्षरही नसावे, हे खटकले.